पंचवटीची वास्तुनोंद आणि काळाराम मंदिराचे चार दरवाजे

वास्तूची नोंद म्हणजे तिचे मोजमाप, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. लांबी, रुंदी, शिखराची उंची, दगडाची जात आणि बांधणाऱ्याचे नाव लिहिले की काम संपले, असे मानण्यात येते. परंतु जी वास्तू काही माणसांसाठी उघडी आणि काही माणसांसाठी बंद होती, तिची नोंद केवळ मोजपट्टीने पूर्ण होऊ शकते काय? पंचवटीच्या संदर्भात हा प्रश्न आम्हास महत्त्वाचा वाटतो.

विद्यार्थ्यांकडून उन्हाळी सुट्टीत ऐतिहासिक वास्तूंची नोंद करवून घेण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. 1933 साली आर्थिक मंदीने बेकार झालेल्या वास्तुशिल्पज्ञांना काम मिळावे म्हणून चार्ल्स पीटरसन यांच्या प्रस्तावावरून तेथे ऐतिहासिक इमारतींचे सर्वेक्षण सुरू झाले. पुढे 1950 नंतर दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांची पथके हे काम करू लागली. 2000 साली ऐतिहासिक भूप्रदेशांच्या नोंदीसाठीही स्वतंत्र सर्वेक्षण स्थापन झाले. मोजून काढलेली रेखाचित्रे, छायाचित्रे आणि लिखित इतिहास ही या कामाची तीन अंगे होत. ही सामग्री तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात सर्वांसाठी खुली असते. आपल्याकडेही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना जुन्या इमारतींचे मोजमाप करून रेखाटन करण्याचा अभ्यास असतो. उणीव आहे ती तिसऱ्या अंगाची, म्हणजे इतिहासाची.

नाशिकला नोंदीची परंपरा नवी नाही. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर 24 लेणी आहेत. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने 3,000 कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक व्याज ठरले आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापणे द्यावयाची होती. वाचकांनी हिशेब करून पाहावा: वर्षाचे व्याज 240 आणि 20 भिक्षूंचे चीवरधन तेवढेच. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असेही त्यात म्हटले आहे. हे सर्व निगमसभेत ऐकविण्यात आले आणि फलकावर नोंदविण्यात आले, ही माहितीही लेखातच आहे. दान कोणी दिले, कोणाला दिले आणि कोणासमक्ष दिले, हे सांगणारी ती परिपूर्ण नोंद होय. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही लेणी मोजली आणि लेख वाचले, म्हणून आज आपणास ते उपलब्ध आहेत.

आता पंचवटीकडे वळू. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी काळ्या दगडात बांधविले. त्यास उंच तट असून चार दिशांना चार दरवाजे आहेत. वास्तुवर्णनात हे दरवाजे म्हणजे मांडणीतील एक घटक. पण 1930 साली हे दरवाजे इतिहासाचा विषय झाले.

2 मार्च 1930 रोजी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे 15,000 लोक नाशिकमध्ये जमले. चार-चारांच्या रांगांनी निघालेली त्यांची मिरवणूक सुमारे मैलभर लांब होती. मंदिराचे दरवाजे बंद आढळल्यावर ती गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी 125 पुरुष आणि 25 स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. 9 एप्रिल रोजी रथ ओढण्याबाबत झालेली तडजोड मोडली आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या धुरीणत्वाखाली हा लढा पुढे काही वर्षे चालला. मूर्तिपूजेच्या हौसेपोटी आपण हा लढा आरंभिला नव्हता, समाजाला जागे करण्याचा तो मार्ग होता, हे बाबासाहेबांनी 1934 साली दादासाहेबांना पत्राने कळविले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘बहिष्कृत भारत’ 1929 च्या अखेरीस बंद पडले होते आणि ‘जनता’ 24 नोव्हेंबर 1930 रोजी सुरू झाले. म्हणजे मार्च-एप्रिलच्या ऐन धामधुमीत या दोहोंपैकी एकही पत्र निघत नव्हते. त्या दिवसांचा वृत्तांत मोठ्या प्रमाणावर इतरांच्या वृत्तपत्रांतून आणि सरकारी कागदांतून घ्यावा लागतो. 1982 साली महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या साधनग्रंथामुळे असे कागद अभ्यासकांच्या हाती आले. परंतु पोलिसांची नजर मिरवणुकीवर असते, मिरवणुकीतील माणसाच्या मनावर नसते. दरवाजात बसलेल्या त्या 25 स्त्रिया कोणत्या गावच्या, त्यांच्या घरी लेकरे कोणी सांभाळली, हे सरकारी कागद कशाला सांगतील?

म्हणून आमची सूचना अशी की, उन्हाळ्याच्या सुट्टीत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांबरोबर इतिहासाचे आणि पाली भाषेचे विद्यार्थीही पंचवटीत यावेत. त्यांनी मंदिर, तट आणि दरवाजे अवश्य मोजावेत. त्याचबरोबर मिरवणुकीचा मार्ग, गल्ल्यांची रुंदी आणि घाटावरील सभेची जागा जुन्या नकाशांशी ताडून पाहावी. सत्याग्रहींची नातवंडे-पतवंडे नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर या भागांत शोधून, त्यांच्या संमतीने आठवणी टिपून घ्याव्यात. आठवण सांगणाऱ्याचे नाते, गाव आणि नोंदीची तारीख लिहावी. दोन आठवणींत विसंगती आढळल्यास दोन्ही लिहाव्यात, एक गाळू नये. अनुमान आणि पुरावा यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

या कामास विलंब परवडणारा नाही. सत्याग्रहात स्वतः उतरलेली पिढी गेली आहे. दर सिंहस्थाबरोबर पंचवटीतील रस्ते आणि घाट यांचे रूपही पालटत जाते. दगड कदाचित आणखी काही शतके उभे राहतील, पण त्या दगडांपुढे कोण बसले होते हे सांगणाऱ्या आठवणी तेवढा काळ थांबणार नाहीत. उषवदाताने दिलेल्या 12 कार्षापणांची नोंद त्रिरश्मीवर आजही वाचता येते. 3 मार्च 1930 रोजी दरवाजांवर बसलेल्या त्या 150 जणांपैकी जितक्यांची नावे, गावे मिळतील, तितकी तरी पंचवटीच्या नकाशासोबत वाचता आली पाहिजेत.