एका 'र'ची दोन नशिबे : इंग्रजी उच्चारांच्या प्रतिष्ठेचा इतिहास

१/
नोव्हेंबर १९४१. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. लंडनहून प्रसारित होणाऱ्या बीबीसीच्या राष्ट्रीय बातम्या एका नव्या आवाजात ऐकू येऊ लागल्या. निवेदकाचे नाव विल्फ्रेड पिकल्स. गाव उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशरचे हॅलिफॅक्स. बातम्यांची भाषा नेहमीचीच होती, व्याकरणही तेच होते. बदलली होती ती केवळ बोलण्याची ढब. #धागा

२/
'लास्ट' या शब्दातला 'आ' लंडनचे निवेदक लांबवीत. पिकल्स तो आखूड उच्चारी. उत्तरेकडील श्रोत्यांचा निरोप घेताना तो 'गुड नाइट'ऐवजी 'गुड नीट' म्हणे. एवढ्यावरून तक्रारी सुरू झाल्या. हा आवाज कानाला खटकतो, आणि अशा ढबीत सांगितलेली बातमी खरी वाटत नाही, असा त्यांचा सूर होता.

३/
जर्मन प्रचारयंत्रणेला बीबीसीच्या निवेदकांची नक्कल करणे अवघड जावे, हाही या नेमणुकीमागचा एक हेतू सांगितला जातो. तरीही पिकल्स लवकरच उत्तरेकडे परतला. गंमत पुढे आहे. १९४६ पासून 'हॅव अ गो' या रेडिओ कार्यक्रमाचा सूत्रधार म्हणून हाच माणूस लक्षावधी श्रोत्यांचा लाडका झाला. आवाज तोच, ढबही तीच. करमणुकीला चालली, बातमीला चालली नाही. असे का व्हावे?

४/
'काही उच्चार मुळातच भारदस्त असतात आणि काही मुळातच गावंढळ', हे याचे सर्वांत सोपे उत्तर आहे, आणि ते चुकीचे आहे. ते का चुकीचे, हे समजून घेण्यासाठी आपण इंग्रजीतील एकाच ध्वनीचा प्रवास पाहणार आहोत. तो ध्वनी म्हणजे स्वरानंतर येणारा 'र'. 'स्टार', 'हार्ड', 'फोर्थ' या शब्दांतला.

५/
शेक्सपिअरच्या काळी, म्हणजे १६०० च्या सुमारास, इंग्लंडच्या बहुतेक भागांत हा 'र' स्पष्टपणे उच्चारला जाई. लिहिलेला 'र' बोलायचा, यात विशेष काहीच नव्हते. पुढे आग्नेय इंग्लंडमध्ये, विशेषतः लंडन परिसरात, तो हळूहळू विरत गेला. 'हार्ड'चा 'हाऽड' झाला, 'स्टार'चा 'स्टाऽ'. स्कॉटलंड, आयर्लंड आणि नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये मात्र तो टिकून राहिला.

६/
याच सुमारास उच्चारांकडे पाहण्याची दृष्टीही पालटत होती. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची राज्ये एक झाली आणि सत्तेचे केंद्र लंडन झाले. सुशिक्षित स्कॉटिश माणसाला आपल्या बोलीचा संकोच वाटू लागला. डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्वज्ञानेही टाळावयाच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी केली होती. ती १७५२ साली छापली गेली.

७/
या संकोचातून एक व्यवसाय जन्माला आला : उच्चारांची शिकवणी. टॉमस शेरिडन हा त्यातला मोठा गुरू. १७६१ मध्ये त्याने एडिंबरामध्ये व्याख्याने दिली, तेव्हा शहरातील प्रतिष्ठितांनी गर्दी केली. स्कॉटिश सभ्य गृहस्थांना लंडनचे इंग्रजी शिकवणारा हा शेरिडन स्वतः आयरिश होता!

८/
१७९१ मध्ये जॉन वॉकर या माजी नटाने उच्चारांचा कोश प्रसिद्ध केला. पुढील शतकभर तो प्रमाण मानला गेला. लंडनमध्ये 'बार्ड', 'कार्ड' यांसारख्या शब्दांतील 'र' जवळजवळ ऐकूच येत नाही, ही नोंद त्यात आहे. म्हणजे 'र' गळण्याची क्रिया तोवर राजधानीत बरीच पुढे गेली होती. प्रतिष्ठा मात्र तिला अजून लाभली नव्हती.

९/
पुरावा हवा असेल तर जॉन कीट्सकडे पाहा. कीट्स लंडनचा, त्याचे वडील भाड्याच्या घोड्यांचा तबेला सांभाळीत. त्याच्या काही यमकांत 'र' नसल्यासारखा धरलेला असे. १८१८ साली एडिंबराच्या 'ब्लॅकवुड्स' मासिकाने त्याला 'कॉक्नी' संप्रदायाचा कवी म्हणून झोडपले. कॉक्नी म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतला. कोकन्यांची यमके ही अडाणीपणाची खूण ठरली. 'र' गाळणे हे तेव्हा सभ्य माणसाचे लक्षण नव्हते.

१०/
मग शंभर वर्षांत चित्र पालटले कसे? त्याचे उत्तर वसतिगृहांत आहे. एकोणिसाव्या शतकात ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी अशा खासगी निवासी शाळांचे महत्त्व वाढले. नावाला 'पब्लिक स्कूल', प्रत्यक्षात श्रीमंतांसाठी. देशभरातील उच्चभ्रू घराण्यांची मुले तेथे एकत्र वाढत आणि गावाकडची ढब विसरून एकाच ढबीत बोलू लागत. तिचा पाया आग्नेय इंग्लंडचा होता. तिच्यात 'र' नव्हता.

११/
हीच मुले पुढे सैन्यात, चर्चमध्ये, संसदेत आणि हिंदुस्थानच्या सनदी सेवेत अधिकारी झाली. सत्ता ज्या मुखातून बोलते, त्या मुखाचे उच्चार 'शुद्ध' ठरतात. काल जी लंडनच्या गल्लीतली खोड होती, ती आज साहेबाची खूण झाली. ध्वनी तोच होता. बोलणारा बदलला होता.

१२/
या ढबीला शास्त्रीय नावही मिळाले. ध्वनिशास्त्रज्ञ डॅनिअल जोन्स याने १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात तिला 'पब्लिक स्कूल प्रोनन्सिएशन' म्हटले. १९२६ पासून तो तिला 'रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन', म्हणजे 'मान्य उच्चार', म्हणू लागला. पहिल्या नावात वर्ग स्पष्ट दिसत होता. दुसऱ्यात तो झाकला गेला. मान्य कोणाला, हा प्रश्नच उरला नाही.

१३/
त्याच १९२६ साली बीबीसीने उच्चार ठरविण्यासाठी सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर ते पद जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्याकडे आले. उच्चार बदलला की समाजातील जागा बदलते, हे 'पिग्मॅलियन' नाटकात रंगवणारे हेच ते शॉ. आपण ते नाटक पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे ओळखतो. पिकल्सच्या आवाजाने दचकलेले श्रोते याच वातावरणात घडले होते.

१४/
आता हाच 'र' अटलांटिकपलीकडे पाहू. न्यूयॉर्क, बोस्टन अशा बंदरांच्या शहरांत इंग्लंडच्या प्रभावाने 'र' गळाला होता. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या भाषणांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. अनेक ठिकाणी 'र' सापडत नाही. तेथेही तो खानदानीपणा मानला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र अमेरिकेला इंग्लंडचा आदर्श उरला नाही. देशाच्या मोठ्या भागात बोलला जाणारा 'र' आता प्रतिष्ठित ठरू लागला.

१५/
हे बदलते वारे विल्यम लबॉव्ह या तरुण संशोधकाने १९६२ मध्ये मोठ्या युक्तीने टिपले. त्याने न्यूयॉर्कमधील तीन दुकाने निवडली : महागडे 'सॅक्स', मध्यमवर्गीय 'मेसीज' आणि स्वस्तातले 'क्लाइन'. चौथ्या मजल्यावर काय मिळते, हे त्याने आधीच पाहून ठेवले होते. मग तो विक्रेत्यांना विचारी, "अमुक वस्तू कुठे मिळेल?" उत्तर ठरलेले : 'फोर्थ फ्लोर'. दोन शब्द, आणि दोन्हींत 'र'!

१६/
एकूण २६४ जणांचे उच्चार त्याने नोंदवले. 'र' पूर्णपणे किंवा अंशतः उच्चारणाऱ्यांचे प्रमाण सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ टक्के आणि क्लाइनमध्ये २० टक्के भरले. न ऐकल्यासारखे करून त्याने पुन्हा विचारले, की विक्रेते जपून बोलत आणि 'र' वाढे. सगळे विक्रेतेच होते, पण गिऱ्हाइकांचा वर्ग त्यांच्या जिभेवर उतरला होता.

१७/
आता दोन्ही शहरे शेजारी ठेवा. विसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये 'र' गाळणारा साहेब ठरतो आणि तो उच्चारणारा खेडवळ. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलटे. भारदस्तपणा ध्वनीच्या अंगी असता, तर समुद्र ओलांडताच तो नाहीसा झाला नसता.

१८/
मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांनीही तपासले. १९७० च्या आसपास हॉवर्ड जाइल्स यांनी एकाच माणसाला वेगवेगळ्या ढबींत बोलायला लावून ध्वनिमुद्रणे ऐकवली. आवाज एकाचाच आहे, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते. 'मान्य उच्चारा'ला वरचे स्थान मिळाले. बर्मिंगहॅमसारख्या औद्योगिक शहराची ढब तळाशी गेली.

१९/
आणखी एका प्रयोगात जाइल्स यांनी मृत्युदंडाविरुद्धचा एकच युक्तिवाद निरनिराळ्या ढबींत ऐकवला. 'मान्य' ढबीतला युक्तिवाद अधिक दर्जेदार वाटला, पण मन वळविण्यात प्रादेशिक ढबी अधिक यशस्वी ठरल्या. पिकल्सचे कोडे येथे उलगडते. साहेबाचा आवाज हुशार वाटतो, गावाकडचा आपला वाटतो. म्हणून एकाला बातमी मिळते आणि दुसऱ्याला करमणूक.

२०/
निर्णायक पुरावा १९७४ चा. ग्रीक भाषेत अथेन्सची ढब प्रतिष्ठित, क्रीट बेटाची कमी प्रतीची मानली जाते. ग्रीकचे गंधही नसलेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना दोन्ही ऐकवल्या. त्यांना दोहोंत उच्च-नीच काही ठरवता आले नाही. समाजाची उतरंड माहीत नसली, की कानालाही ती ऐकू येत नाही.

२१/
हा केवळ आवडीनिवडीचा मामला नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात पोलिसांच्या चौकशीचे ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवले गेले. संशयिताची ढब बर्मिंगहॅमची असली, की ऐकणाऱ्यांना तो अधिक दोषी वाटला. ढबीची किंमत माणसाला अशीही मोजावी लागू शकते.

२२/
आपलाही या इतिहासाशी संबंध आहे. १८८८ मध्ये लंडनला गेलेल्या तरुण मोहनदास गांधींनी 'सभ्य गृहस्थ' होण्यासाठी वक्तृत्वाची शिकवणी लावली होती. दोन-तीन धड्यांतच त्यांनी ती सोडली. शतकभराने कॉल सेंटरमधील भारतीय तरुणांनाही आपले उच्चार घासूनपुसून घ्यावे लागले. मराठी माणूस मात्र 'डॉक्टर', 'कलेक्टर', 'मोटार' यांतला 'र' खणखणीत उच्चारतो. लंडनच्या साहेबाने गाळलेला 'र' आपण जपला, आणि त्याबद्दल हसूही झेलले.

२३/
आणि आता स्वतःच्या कानाकडे वळू. एखादा 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणाला, की आपल्याकडे तो लगेच 'अशुद्ध' ठरतो. या शब्दाचे मूळ संस्कृत 'पानीय'. त्यात 'न'च आहे! प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि तो मराठीत आला. 'लोणी'चे मूळ 'नवनीत'; तेथेही 'न'च. हिंदी भाषक 'पानी' म्हणतो तेव्हा आपण हसत नाही. मराठी शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला की हसतो. मग आपण नेमके कशाला हसतो?

२४/
१९४१ च्या त्या श्रोत्यांना प्रामाणिकपणे वाटत होते, की त्यांचा आक्षेप उच्चारांवर आहे. वर्गातल्या मित्राच्या, मुलाखतीला आलेल्या उमेदवाराच्या किंवा वक्तृत्व स्पर्धेतील स्पर्धकाच्या बोलण्यावर आपण मत बनवतो, तेव्हा आपल्यालाही तसेच वाटत असते. पुढच्या वेळी क्षणभर थांबून तो काय म्हणतो आहे, तेवढे ऐकून पाहा.

धागा समाप्त. आपल्या गावच्या ढबीमुळे आपल्याला काय अनुभव आले, तेही जरूर लिहा.