तलावातली मासोळी कोणाची?

आज आम्ही तलावाबद्दल बोलणार आहोत, पण पाण्याबद्दल थोडं आणि मासोळीबद्दल जास्त. धानाला पाणी किती मिळालं याचा हिशेब आपल्याकडे घरोघरी असतो. त्याच तलावातली मासोळी कोणी धरायची आणि कोणी धरू नये, हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून आजही सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. भंडाऱ्याला तर तलावांचा जिल्हाच म्हणतात. तलाव कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. एका बाजूला मातीची पाळ, शेतात पाणी सोडायला तुडूम, आणि पोट भरल्यावर जादा पाणी निघून जायला सलंग. वरच्या तलावाचं सलंगातून सुटलेलं पाणी खालच्या तलावात जातं, त्याचं त्याखालच्या बोडीत. ही साखळी पाण्याची, तशी मासोळीचीही. पहिल्या जोराच्या पावसात प्रवाह सुरू झाला की मासे त्याच्या उलट वर चढतात, उथळ पाण्यात, धानाच्या बांधीत अंडी घालतात. जुन्या माणसांनी मासोळीची सोय म्हणून हे बांधलं की नाही, ते कोणी सांगू शकणार नाही, पण सोय झाली हे खरं.

हे तलाव इंग्रजांच्या आधीचे. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला, त्यातून ही कामं झाली असं परंपरा सांगते. बांधणारे मुख्यतः कोहळी. गोंड राजा काशीयात्रेला गेला आणि येताना कोहळ्यांना घेऊन आला, अशीही एक कथा आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. तिथल्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि पाळीवरच्या कोलासूर देवाच्या रूपात कोलू पाटलालाच पुजतात. बांधणारा माणूस देव झाला, ही गोष्ट आम्हाला आवडते. पण एवढी मोठी पाळ एका पाटलाने उचलली नाही. टोपल्या डोक्यावर घेऊन माती वाहणाऱ्या हातांची नावं कुठेच नाहीत, आणि त्यात बायांचे हात किती होते हे रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या कोणालाही विचारा.

आता मासोळीकडे येऊ. पाणी कोहळ्यांचं, कुणब्यांचं, पोवारांचं, मासोळी ढिवरांची. 1916 साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ढिवरांची, म्हणजे त्यांच्या लिखाणात ढीमरांची, कामं दिली आहेत. मासे धरायचे, पाणी भरायचं, पालखी वाहायची, तलावात शिंगाडा लावायचा. शिंगाडा लावणाऱ्यांना तर वेगळं नावच पडलं होतं, सिंगाडिया. म्हणजे तलाव नुसती मासे धरायची जागा नव्हता. शिंगाडा, कमळाचं मूळ, देवधान, काठावरची भाजी हे सगळं त्यातून यायचं, आणि यातलं बरंचसं बायांच्या हातून घरात यायचं.

मासोळीतही वाटणी होती. जाळं पुरुषाचं. बाई उथळ पाण्यात, पाटात, बांधीत टोपलीने किंवा फडक्याने लहान मासोळी आणि झिंगे धरणार, नाहीतर काठावर गरी टाकून बसणार. पुरुषाने धरलेलं विकायचं, उरलेलं वाळवायचं, हेही तिचंच. मरळ, मागूर, शिंगी हे चिखलात, गवतात राहणारे मासे. ते धरायला होडी लागत नाही, कुठे दडतात ते माहीत असावं लागतं.

इंग्रजांनी 1861 साली मध्य प्रांत केला आणि पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाचे मालक ठरवलं. आधी मालगुजार सारा गोळा करणारा होता, आता जमीन, झाडं, तलाव त्याच्या नावावर आले. तरी गावाच्या चालीरीती लिहून ठेवाव्या लागल्या. त्या कागदाला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. कोणाला किती पाणी, वाट कुठून, गुरं कुठे चरणार, सरपण कुठून आणणार, मासे कोण धरणार, अशा वहिवाटी त्यात येतात. गावाच्या या वापराच्या हक्काला निस्तार म्हणायचे. मालगुजाराचं राज्य गोड होतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याच्या वाड्यावर वेठ होती, आणि चांगली मरळ आधी वाड्यावरच जायची, हे आमच्या भागातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. पण पाळ फुटली तर त्याचंच नुकसान, म्हणून तो गावाला हाक मारून दुरुस्ती करून घ्यायचा.

मग 31 मार्च 1951 आला. त्या दिवसापासून मालगुजारी संपली. 1950 च्या त्या कायद्यात मालगुजारांचं काय काय सरकारजमा होणार त्याची लांब यादी आहे: जमीन, गवत, झुडपी जंगल, झाडं, विहिरी, तलाव, पाण्याचे पाट, रस्ते, बाजार, जत्रा. त्या यादीत मासेमारीचं नावही वेगळं घातलेलं आहे. म्हणजे पाण्यासोबत मासोळीही सरकारची झाली. पाणीपट्टी द्यायची की नाही यावरून शेतकरी आणि सरकार यांच्यात पुढे बरीच वर्षं ओढाताण चालली, कारण शेतकऱ्याचं म्हणणं होतं की आमचं निस्ताराचं पाणी फुकटच होतं. त्या ओढाताणीत पाळीवर माती टाकायला कोणी राहिलं नाही. गाळ साचला, बेशरम वाढली. मासोळीसाठी भांडायला मात्र ढिवरांकडे सातबारा नव्हता.

त्यांना मिळाली संस्था. सरकारी तलाव पाच वर्षांच्या ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला द्यायचा, संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची, सभासदांनी मासे धरायचे, अशी रीत बसली. ही चांगली गोष्ट झाली, यात आम्हाला शंका नाही. एकट्या ढिवराला जे कधी मिळालं नसतं ते एकत्र आल्यामुळे मिळालं. बचत गट चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पण संस्था म्हटली की नोंदवही आली, आणि वहीत नाव कोणाचं हा प्रश्न आला. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात संस्था नोंदवायला किमान दहा माणसं लागतात, आणि ती वेगवेगळ्या कुटुंबांतली असावी लागतात. एका घरातून एक नाव. मग कोणाचं लिहिलं असेल? जाळं ज्याच्या हातात, त्याचं. ही अट फक्त नोंदणीच्या वेळची आहे. त्यानंतर त्याच घरातल्या बाईला सभासद व्हायला कायदा आडवा येत नाही. पण पहिल्या दिवशी जी पद्धत पडली तिलाच पुढे लोक नियम समजू लागले. आमच्या ओळखीच्या एका गावात काठावर गरी टाकून बसलेल्या दोन बायांना संस्थेच्या राखणदाराने उठवलं आणि पावती मागितली. दोघी ढिवर, दोघींचे नवरे संस्थेत. एकीने त्याला विचारलं, “माह्या आजीकडं मागितली होती का रे पावती?”

राखणदाराची बाजूही ऐकायला हवी, आणि ती ऐकायची तर 1957 सालात जावं लागतं. रोहू, कटला, मृगळ हे मोठे मासे साचलेल्या तलावात पिल्लं देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज नद्यांतून गोळा करून आणावं लागे, बंगालकडून रेल्वेने येई, वाटेत कितीतरी मरे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत या माशांना ग्रंथीचा अर्क टोचून हवं तेव्हा बीज मिळवून दाखवलं. (मघाचे रायबहादूर हिरालाल वेगळे, हे वेगळे.) देशभर तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतर बीज केंद्रात तयार होऊ लागलं, आणि संस्था ते विकत घेऊ लागल्या.

सगळं इथूनच बदललं, असं आमचं मत आहे. आपोआप येणाऱ्या मासोळीला राखणदार लागत नव्हता. पैसे देऊन सोडलेल्या बोटुकलीला लागला. कर्ज काढून बीज घेतलं तर वर्षाअखेर वजन भरलं पाहिजे, म्हणून गरी टाकणारा चोर ठरला. मरळ आणि मागूर दुसऱ्या माशांची पिल्लं खातात, म्हणून ते नकोसे झाले. बीज वाढवायच्या बोडीत मोहाची पेंड टाकून आधीची मासोळी मारून टाकायची, हेही शिकवलं गेलं. गवत खाणारा ग्रास कार्प बाहेरच्या देशातून आणून आपल्याकडे सोडला. त्याने तलावातली वनस्पती फस्त केली, आणि त्या वनस्पतीत अंडी घालणारी देशी मासोळी बेघर झाली.

यात बाईचं काय गेलं ते नीट बघा. मोठा कटला, रोहू एका दिवशी जाळ्याने काढतात, काठावर व्यापाऱ्याची गाडी उभी असते, काटा होतो, पैसे संस्थेत जमा होतात. लहान मासोळी अशी जात नव्हती. ती रोज थोडी थोडी निघे, बाई टोपलीत घेऊन गावात फिरे, वाटे लावून विके, आणि तो पैसा तिच्या कनवटीला राही. तेल, मीठ, पोराची वही त्यातून होई. उरलेली वाळवून पावसाळ्यात खायला होई. तलावातून निघणारी मासोळी वजनाने वाढली असेलही, पण बाईच्या हातून जाणारी घटली. हा हिशेब ठेक्याच्या कुठल्याच कागदात दिसत नाही.

याला उलट वळण गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात मिळालं. तिथल्या ढिवर संस्थांनी आणि भंडाऱ्याच्या निसर्ग अभ्यासकांनी मिळून तलाव परत जिवंत करायला घेतले. बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरट केली. मग देशी पाणवनस्पती दुसऱ्या चांगल्या तलावातून आणून लावल्या, काही पाण्याखाली वाढणाऱ्या, काही तरंगणाऱ्या, काही काठाच्या. धानाची रोवणी करतो तशीच ही रोवणी. कोणती वनस्पती किती पाण्यात जगते, कोणत्या पानाखाली कोणती मासोळी बसते, हे ज्ञान ढिवरांच्या घरात होतंच. महिला गट यात उतरले, कारण रोवणी हे बायांचंच काम. तलावात देशी मासोळी परत दिसू लागली, पक्षीही आले. आणि बाजारात मरळीला कटल्यापेक्षा भाव चांगला मिळतो, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

आता कागदाचं थोडं. 2006 च्या वनहक्क कायद्यात जंगलातल्या पाणवठ्यांतल्या मासोळीवर गावाचा सामूहिक हक्क मागता येतो, हे स्पष्ट लिहिलं आहे. ढिवर आदिवासींच्या यादीत नाहीत, म्हणून त्यांना तिथली तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. इथे वाजिब-उल-अर्ज, निस्ताराचे कागद आणि जुनी गॅझेटियरं उपयोगी पडतात. कागद नसेल तर गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाबही पुराव्यात धरतात, आणि ‘माणूस’ म्हणजे म्हातारा पुरुषच असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. कुठल्या आजीने कोणत्या तलावात शिंगाडा लावला, कुठे गरी टाकली, कोणाला मरळ दिली, हे ती असेपर्यंत लिहून, वाचून दाखवून, तिचा अंगठा घेऊन ठेवा. आमचे तीन गट सध्या हेच काम करत आहेत. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात, तेव्हा दावा लिहिताना आपण समोर असायलाच हव्या.

संस्थेचंही तसंच. सहकार कायद्याप्रमाणे व्यवस्थापन समितीत दोन जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण त्या महिला सभासद असतील तरच भरणार. वहीत एकही बाई नसेल तर जागा कागदावरच राहते. म्हणून जिथे मच्छीमार संस्था आहे तिथल्या गटांनी दोन गोष्टी कराव्या असं आम्ही सुचवतो. पुढचा ठेका होण्याआधी सभासदत्वाचे अर्ज लेखी द्यावे आणि पोच घ्यावी, तोंडी बोलण्यावर थांबू नये. आणि घरच्या पुरुषाच्या नावावर जो भाग आहे, त्याच्या नामनिर्देशनाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघून यावं. आमच्या एका गटातल्या नऊ जणी गेल्या होत्या. तिघींचं नाव होतं, दोघींच्या जागी दिराचं होतं, आणि चार रकाने कोरे होते. ते चार आता भरले आहेत.