सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून

१९९५ सालच्या सुरुवातीला सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक बर्नी डॉज यांना ‘आर्किओटाइप’ नावाच्या सॉफ्टवेअरची ओळख आपल्या भावी शिक्षकांना करून द्यायची होती. न्यूयॉर्कच्या डाल्टन स्कूलमधली मुलं त्यावर पुरातत्त्वीय उत्खनन करत, अर्थात कॉम्प्युटरच्या पडद्यावर. अडचण एकच होती. डॉज यांच्याकडे ते सॉफ्टवेअरच नव्हतं.

मग त्यांनी जमेल ते गोळा केलं. त्या सॉफ्टवेअरच्या मूल्यमापन अहवालाची वेबवरून छापून घेतलेली काही पानं, डाल्टनच्या शिक्षणविचाराबद्दलच्या वेबसाइट, कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या एका निर्मात्याशी चॅट करायची सोय, आणि दुसऱ्या खोलीत व्हिडिओवर भेटणारा, ते सॉफ्टवेअर वापरून पाहिलेला शिक्षक. विद्यार्थ्यांनी गटागटांत कामं वाटून घ्यायची आणि दोन तासांत ठरवायचं की, आपण सराव पाठ घेतो त्या शाळेत हे चालेल का, चालवायचं तर कसं. त्या दोन तासांत डॉज यांना फारसं बोलावंच लागलं नाही. विद्यार्थ्यांची चर्चा मात्र एरवीपेक्षा कितीतरी खोल गेली.

टॉम मार्च यांच्या साथीने डॉज यांनी या प्रयोगाला साचा दिला आणि नाव ठेवलं ‘वेबक्वेस्ट’. प्रस्तावना, नेमकं काम, पायऱ्या, शिक्षकाने आधीच निवडलेल्या लिंका, मूल्यमापन, समारोप. गूगल यायला अजून तीन वर्षं होती. मुलांना मोकळ्या वेबवर सोडलं की तास शोधण्यातच संपायचा.

यात विशेष शिक्षणाचा विचार कुठेही नव्हता. पण वाचायला अडखळणाऱ्या, लक्ष पटकन उडणाऱ्या मुलांच्या शिक्षकांना हा साचा सोयीचा वाटला, यात नवल नाही. अशा मुलाला शोधाच्या निकालांची लांबलचक यादीच थकवते. इथे पानं निवडलेली, पायऱ्या लिहिलेल्या. शिवाय भूमिका वाटलेल्या असल्यामुळे सावकाश वाचणाऱ्या मुलाकडे नकाशे आणि छायाचित्रं सोपवता येतात, आणि गटाचं त्याच्यावाचून अडतंही. यात इंटरनेटची करामत थोडी, आदल्या दिवशी शिक्षकाने केलेल्या निवडीची जास्त.

अपंग मुलांच्या मदतीला येणाऱ्या सहाय्यक तंत्रज्ञानाचं कूळ वेगळं आणि जुनं. रे कर्झवाइल यांनी छापील मजकूर मोठ्याने वाचणारं यंत्र १३ जानेवारी १९७६ रोजी लोकांपुढे आणलं. मोटरसायकल शर्यतींत उतरणाऱ्या टेड हेन्टर यांची दृष्टी १९७८च्या अपघातात गेली; त्यांच्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, १९८९मध्ये आला, आणि त्याची विंडोजवरची आवृत्ती १९९५च्या जानेवारीत, म्हणजे वेबक्वेस्टच्या जन्माच्याच सुमारास. कायदाही मागून आलाच. सहाय्यक तंत्रज्ञानाची व्याख्या अमेरिकेने १९८८मध्ये केली आणि १९९७च्या दुरुस्तीने विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक आराखड्यात त्याचा विचार करणं बंधनकारक झालं.

ही दोन कुळं वर्गात भेटली, पण सोयरीक सहज जुळली नाही. शिक्षकाने हौसेने निवडलेलं पान चित्रांनी भरलेलं असे, आणि चित्रामागे मजकूर नसला की स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचून पुढे सरके. ‘इथे क्लिक करा’ अशा दहा लिंका सुट्या ऐकणाऱ्याला कोणती कुठे नेते हे कळणार कसं? ५ मे १९९९ रोजी वेबच्या सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. त्यातलं पहिलंच कलम चित्राला शब्दांचा पर्याय द्या असं सांगतं.

मराठीत असा उपक्रम रचणाऱ्या शिक्षकापुढे आणखी एक खोडा असतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ‘ईस्पीक’ या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, सवय व्हायला वेळ लागतो. पण पान युनिकोडमध्ये असेल, तर तो ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.