भिंतीपलीकडचे राक्षस

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. दुपारी मी पेपर वाचत पडलो होतो आणि तो संगणकावर कसलासा खेळ खेळत होता. खेळात राक्षसांची एक टोळी होती. त्यांना गाव नाही, शेती नाही. कातड्याचे तंबू गाड्यांवर लादून ते माळरानावरून फिरायचे आणि वाटेत सापडतील ती माणसे खायचे. खेळणाऱ्याने गावाभोवती भिंत बांधून त्यांना बाहेर ठेवायचे, एवढाच खेळ. मध्येच त्याने विचारले, "आजोबा, असे राक्षस खरंच होते का? कुठल्या देशात?"

मी पेपरमधून डोके वर न काढता म्हणालो, "नव्हते रे." त्याचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. राक्षस नव्हते हे खरेच. पण त्यांचा पत्ता, त्यांचा आहार, त्यांच्या चालीरीती भल्याभल्या विद्वानांनी अडीच हजार वर्षे लिहून ठेवल्या आहेत. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाने एका शब्दात उत्तर देऊन मोकळे व्हावे, हे काही बरे नाही. म्हणून ते लांबलचक उत्तर इथे लिहितो. तो मोठा झाला की वाचेल.

सुरुवात हेरोडोटसपासून करू. हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. काळ्या समुद्राच्या उत्तरेला गवताची अफाट मैदाने आहेत. तिथे सिथियन नावाचे घोडेस्वार भटके लोक राहत. त्यांच्याही पलीकडे 'अँड्रोफागी', म्हणजे नरभक्षक लोक राहतात, असे तो लिहितो. ते भटके आहेत, पोशाख सिथियनांसारखा, भाषा स्वतंत्र, त्यांच्यात न्याय नाही की कायदा नाही, आणि त्या भागात माणसाचे मांस खाणारे तेवढेच. झाली माहिती! हेरोडोटस स्वतः तिथे गेला नव्हता, ऐकीव गोष्ट त्याने लिहिली. पण 'भटके' आणि 'माणसे खाणारे' हे दोन शब्द एका दमात आले, आणि एकदा जुळलेली ही जोडी पुढे सुटता सुटली नाही.

आपल्याकडचे राक्षस आठवून पाहा. बकासुर एकचक्रा नगरीच्या जवळ ठाण मांडून बसलेला, गाडाभर अन्न आणि एक माणूस त्याला घरपोच लागायचा. हिडिंब त्याच्या वनात. आपल्या गोष्टीतल्या या राक्षसांना पत्ता आहे. तिकडच्या राक्षसांची भीती याहून वेगळी होती. ते आज इथे, उद्या तिथे. कोणत्या सकाळी वेशीवर येऊन उभे राहतील याचा नेम नाही.

या बेघर राक्षसांना पुढे नाव मिळाले गॉग आणि मॅगॉग. बायबलच्या जुन्या करारात यहेज्केलच्या ग्रंथात मॅगॉग देशाचा गॉग उत्तरेकडून घोडेस्वारांचे सैन्य घेऊन येतो. कुराणाच्या अठराव्या सूरेत हेच लोक याजूज-माजूज या नावाने भेटतात. झुलकर्नैन नावाचा राजा लोखंड आणि वितळलेले तांबे ओतून दोन डोंगरांमध्ये भिंत घालतो आणि त्यांना पलीकडे अडवतो. पुष्कळांनी या राजाला सिकंदर मानले. लोकांच्या तोंडी अशीही कथा आहे की ते रोज ती भिंत कोरतात, संध्याकाळी 'उरलेली उद्या' म्हणून परत जातात आणि सकाळी येऊन पाहतात तो भिंत पुन्हा होती तशी. सातव्या शतकातल्या एका सिरियाक ग्रंथात तर त्यांचा सगळा स्वयंपाकच मांडलेला आहे. माणसाचे मांस, रक्त, जे जे अमंगळ ते सगळे.

इथे कोणाच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. मला कुतूहल आहे ते पुढच्या गोष्टीचे. लोक या राक्षसांना नकाशावर शोधू लागले.

भिंती तर खरोखरच होत्या. कॅस्पियन समुद्राच्या काठी दरबंद येथे इराणच्या सासानी राजांनी सहाव्या शतकात उत्तरेकडच्या टोळ्यांना अडवायला बांधलेली तटबंदी आजही पाहायला मिळते. इराणमध्येच गुरगानची भिंत आहे, जवळजवळ १९५ किलोमीटर लांब, भाजलेल्या विटांची. सिकंदर ती बांधली गेली त्याच्या सातआठशे वर्षे आधीच मरून गेला होता. तरी लोकांनी दोन्ही भिंती त्याच्याच नावावर चढवल्या. मोठे काम दिसले की ते कोणा मोठ्या माणसाने केले म्हणायचे, ही सवय आपल्यालाही आहे. प्रत्येक लेणे आपण पांडवांनी एका रात्रीत खोदलेले नाही का म्हणत?

नवव्या शतकात बगदादच्या वासिक खलिफाने सल्लाम नावाच्या दुभाष्याला ती भिंत शोधायला धाडले. तो बरेच महिने फिरून आला आणि आपण भिंत पाहिल्याचे त्याने सांगितले. तिथला रखवालदार कुलपाच्या अडसरावर लोखंडी हातोडा मारतो, म्हणजे आतल्यांना कळावे की पहारा आहे, आणि मग दाराला कान लावतो. आतून गुणगुण ऐकू येते. या वर्णनातला तो कान लावून उभा असलेला रखवालदार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दाराआड कोण, याचे उत्तर मात्र दर दोनचारशे वर्षांनी बदलत गेले. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस म्हणाला, मॅगॉग म्हणजे सिथियन. चौथ्या शतकाच्या शेवटी हूण आले, तेव्हा सेंट जेरोमने लिहिले की सिकंदराने ज्या दारांआड रानटी टोळ्या कोंडल्या होत्या तिकडूनच हे आले. पुढे खझार झाले, मॅग्यार झाले, तुर्क झाले. अंगरखा तयारच होता, नवा कोणी घोड्यावरून आला की त्याच्या अंगात चढवायचा.

सगळ्यात घट्ट बसला तो मंगोलांना. १२४१ च्या एप्रिलमध्ये दोन दिवसांच्या अंतराने त्यांनी पोलंडमध्ये लेग्नित्सा आणि हंगेरीत मोही येथे युरोपच्या फौजा धुळीला मिळवल्या. 'तातार' हे नाव लॅटिन जाणणाऱ्यांनी 'टार्टार' केले, कारण टार्टारस म्हणजे पाताळ. एक 'र' घातला की माणूस पाताळातला! इंग्लंडमधल्या मॅथ्यू पॅरिस नावाच्या मठवासी बखरकाराने मंगोल लोक माणसे भाजून खात आहेत असे चित्रच आपल्या बखरीत काढले. त्याने एकही मंगोल पाहिलेला नव्हता. त्याच बखरीत एक मजेशीर नोंद आहे. १२३८ साली तातारांच्या धास्तीने गॉटलंड आणि फ्रिसियाचे लोक हेरिंग मासे घ्यायला इंग्लंडच्या यारमथ बंदरात आलेच नाहीत, त्यामुळे तिथे मासळी मातीमोलाने विकली गेली. हजारो कोसांवरच्या राक्षसांमुळे इंग्रजाच्या ताटात मासे स्वस्त!

मंगोल काही संत नव्हते. १२२१ चे निशापूर आणि १२५८ चे बगदाद वाचले की अंगावर काटा येतो. पण त्यांची क्रूरता सांगायला नरभक्षणाची फोडणी घालायची गरज नव्हती. उलट १०९८ साली सिरियातल्या मआर्रा शहरात उपासमार झालेल्या क्रुसेडच्या सैनिकांनी मेलेल्यांचे मांस खाल्ले, हे त्यांच्याच बखरकारांनी लिहून ठेवले आहे. त्यावरून युरोपातल्या यच्चयावत लोकांना कोणी राक्षसकुळात घातले नाही. उपाशी माणसे काय करतील सांगता येत नाही, म्हणून सोडून दिले. ही सवलत भटक्याला मिळत नाही.

मग एक माणूस प्रत्यक्ष पाहून आला. विल्यम ऑफ रूब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू १२५३ ते १२५५ या काळात मंगोलांच्या मुलखात जाऊन आला, थेट मोंगके खानाच्या दरबारापर्यंत. त्याने काय पाहिले? नमद्याची घरे पाहिली. ती अख्खीच्या अख्खी गाड्यावर चढवून नेत. एका गाड्याच्या दोन चाकोऱ्यांमधले अंतर त्याने मोजले तर वीस फूट भरले, आणि ओढायला बावीस बैल! घोडीचे दूध घुसळून केलेले आंबूस पेय त्याने प्यायले, पहिल्यांदा घाम फुटला, मग आवडले. हे लोक कपडे धूत नाहीत म्हणून नाकही मुरडले. पुस्तकांत वाचलेल्या विचित्र आकाराच्या माणसांची त्याने तिथे चौकशी केली. लोक म्हणाले, असले काही आम्ही कधी पाहिले नाही. तेव्हा हे सगळे खरे असेल का, अशी शंका त्याने प्रामाणिकपणे नोंदवली. परतताना तो दरबंदच्याच तटातून खाली उतरला. म्हणजे ज्या दाराआड राक्षस कोंडले होते म्हणायचे, त्या दाराच्या आतल्या बाजूने हा साधू धडधाकट बाहेर आला!

आणि त्या 'राक्षसां'च्या स्वतःच्या गोष्टी? मंगोलांच्या 'गुप्त इतिहासा'त त्यांचे मूळ एका करड्या-निळ्या लांडग्यापासून आणि एका हरिणीपासून सांगितले आहे. अलान नावाची आई आपल्या पाच मुलांच्या हातात एकेक बाण देते, तो सहज मोडतो. मग पाच बाणांची मोळी देते, ती कोणाला मोडत नाही. ही गोष्ट आपण काठ्यांची मोळी म्हणून शाळेत शिकवतोच. सगळ्यात गंमत म्हणजे त्यांनाही राक्षसाची भीती वाटते. त्यांच्या गेसर महाकाव्यात बारा डोक्यांचा माणूसखाऊ 'मंगस' गेसरच्या बायकोला आपल्याकडे ठेवतो आणि गेसर त्याला मारून टाकतो. आपल्या दहा तोंडांच्या रावणापेक्षा दोन तोंडे जास्तच. युरोपातली आई ज्याच्या नावाने मुलाला गप्प करीत असेल, त्याच्या तंबूत त्याची आईही मुलाला राक्षसाचीच गोष्ट सांगत होती.

हे सगळे लांबच्या देशातले म्हणून सोडून दिले असते, तर हा लेख इथेच संपला असता. पण आपल्या भाषेत 'गावकूस' असा एक शब्द आहे. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंतच. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेचे कुंपण घातलेली वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, त्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. का, तर ही मुले पळवणारी टोळी आहे अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. पाठीला झोळी, अंगावर परका पोशाख, गाव माहीत नाही. अंगरखा तयारच होता.

आता जे सांगायचे ते घरातही आजवर सांगितलेले नाही. नोकरीचे सहावे-सातवे वर्ष असेल. गावाबाहेर नंदीवाल्यांची पाले उतरली होती. हेडमास्तरांच्या परवानगीने त्यांच्यातला एक मुलगा आठवडाभर माझ्या वर्गात येऊन मागे बसायचा. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर माझे घड्याळ जागेवर नव्हते. एचएमटीचे, लग्नात सासऱ्यांनी दिलेले. वर्गात चाळीस मुले होती. मी कोणालाही काही न विचारता थेट मागे गेलो आणि त्याची पिशवी जमिनीवर उपडी केली. अर्धी भाकरी, पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा आणि बैलाच्या माळेतले एक फुटके घुंगरू. मुलगा काही बोलला नाही. खाली बसून त्याने एकेक वस्तू उचलून परत पिशवीत भरली.

घड्याळ हौदाच्या काठावर होते. हात धुताना मीच काढून ठेवले होते.

सकाळी त्याला वर्गासमोर बोलावून माफी मागायची असे मी रात्री ठरवले. सकाळी पालांच्या जागी चुलीचे तीन दगड आणि बैलांचे शेण तेवढे उरले होते. मी वाईट माणूस होतो असे मला वाटत नाही. साने गुरुजी वाचून शिक्षक झालेला मी. पण लहानपणी हट्ट केला की आजी म्हणायची, "गप बस, नाहीतर झोळीवाल्याला देईन." ते वाक्य इतिहासाच्या सगळ्या पुस्तकांच्या खाली कुठेतरी जिवंत होते, आणि घड्याळ दिसेना तेव्हा माझे पाय बरोबर तिकडेच वळले.

असो. नातवाला परवा फोनवर म्हणालो, त्या दिवशी तुला अर्धेच उत्तर दिले होते. राक्षस नव्हते, माणसे होती. त्याने लगेच विचारले, "मग भिंत कशाला बांधली?" आता पुढच्या सुट्टीत तो आला की त्याला घड्याळाची गोष्ट सांगायची आहे.