चौलचा पाहुणा आणि कुंडीतलं लिंबू

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या कॅनडात असते. बाजारातल्या लिंबाच्या बीपासून तिने कुंडीत रोप वाढवलं. जानेवारीत तिचा निरोप आला, "सर, रोज पाणी घालते, तरी पानं गळताहेत." उत्तर लिहिताना मला अल-मसऊदी आठवला.

बगदादचा हा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, कोकणात सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपलं रायगडमधलं चौल. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्याने 'मुरूज अज्-जहब' या ग्रंथात नोंदवलंय. हा आकडा आपल्या भाषणांत हमखास येतो. त्याच ग्रंथातली झाडांची नोंद मात्र फारशी ऐकू येत नाही. हिजरी ३०० नंतर नारिंग आणि गोल उत्रुज्ज हिंदुस्तानातून नेऊन आधी ओमानात लावले, मग बसरा, इराक, शाम इकडे पोहोचले. पण तिथे हिंदुस्तानची हवा, माती, पाणी नसल्याने मूळ सुगंध गेला, असं तो म्हणतो.

उत्रुज्ज म्हणजे महाळुंग, उर्दूत तुरंज. अरबांना ते आधीपासून माहीत होतंच. बुखारीतल्या हदीसमध्ये कुराण पढणाऱ्या मोमिनाला त्याची उपमा आहे. मसऊदी सांगतो ती गोल जातीची गोष्ट. आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही महाळुंगच आहे! वर्गात हे सांगितलं की मुलं जरा गप्प होतात.

संस्कृतातलं 'नारंग' फारसी-अरबीतून अंदलुसात आणि तिथून युरोपात गेलं, त्याचं ऑरेंज झालं. पण उत्तरेच्या बर्फात झाड जगवायचं कसं? राजांनी त्यासाठी घरंच बांधली. व्हर्सायची ऑरेंजरी १६८४ ते १६८६ मध्ये उभी राहिली. दीडशे मीटरहून लांब दालन, जाड भिंती, दक्षिणेकडे तोंड करून उंच खिडक्या. झाडं लाकडी पेट्यांत. मेमध्ये बाहेर, ऑक्टोबरमध्ये आत. आजही हाच क्रम आहे. लुईने महालात नारिंगांसाठी चांदीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. १६८९ मध्ये लढाईच्या खर्चापायी त्या वितळवाव्या लागल्या.

इंग्लंडच्या जॉन एव्हलिनची युक्ती मला जास्त आवडते. झाडांमध्ये पाण्याची ताटली ठेवायची. पाणी गोठलं की कोळसे पेटवायचे. थर्मामीटरची गरजच नाही.

तर मुलीला मी लिहिलं, पाणी कमी कर. साधारण १२-१३ अंशांखाली लिंबाच्या मुळांचं काम जवळपास थांबतं. खिडकीतलं ऊन पानांना पाणी मागायला लावतं, गारठलेली मुळं ते देऊ शकत नाहीत, मग झाड पानं टाकतं. आपण त्याला तहान समजून आणखी पाणी ओततो आणि मुळं कुजतात. कुंडी गार फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेव, दक्षिणेच्या खिडकीशी, पण काचेला चिकटून नको. वरची माती सुकल्यावरच पाणी, तेही कोमट.

मार्चमध्ये तिचा फोन आला. सात पानं टिकली होती, एक कोंब फुटला होता. वास येतो का, विचारलं. म्हणाली, "पान चुरडलं की येतो, सर. पण नानीच्या अंगणातल्या झाडासारखा नाही."