गढी, खंदक आणि पांढरी

बेळगावच्या किल्ल्याचा खंदक आपल्या रोजच्या पाहण्यातला. आतली कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या काळातली. १८१८ मध्ये जनरल मन्रोला हा किल्ला घेण्यासाठी वीसएक दिवस वेढा घालून बसावे लागले. तिथे खंदक का, हे सांगावे लागत नाही. निपाणीचे सरलष्कर सिद्धोजीराव निंबाळकर, कागलचे घाटगे, कापशीचे सेनापती घोरपडे यांच्याही पदरी फौजा होत्या. पण खेड्यातल्या साध्या देसाई-पाटलांच्या गढीभोवती चर कशाला?

तोफेपुढे मातीची गढी टिकत नाही, हे बांधणाऱ्यालाही ठाऊक होते. त्याला भीती होती पेंढाऱ्यांची, लुटारू टोळ्यांची आणि (हे जरा हळूच सांगावे) शेजारच्या भाऊबंदांची. वसुलीचे धान्य पेवात, वतनाचे कागद आत. हाकाटी झाली की गावही गुराढोरांसह आत. शिवाय चर खणला की माती मिळते. तीच आतल्या अंगाला चढवून तट आणि बुरूज उभे राहत. एकाच कुदळीने दोन्ही कामे!

इंग्लंडमध्येही तेराव्या-चौदाव्या शतकांत हजारो जमीनदारांनी घराभोवती पाण्याचे खंदक खणले. संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठी, असे तिथले बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडेही दिंडी दरवाजातून वाकून आत जाताना वतनदार कोण, हे रयतेला वेगळे सांगावे लागत नसे.

बुरुजाला मराठीत हुडा, कानडीत हुडे. आपला वाडा, त्यांचा वाडे. भाषांची वाटणी झाली तेव्हा या शब्दांना कोणी विचारले नव्हते.

बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असतानाच, १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुळकर्णी वतने गेली. ज्या उत्पन्नावर गढीची डागडुजी होई, तेच आटले. मग पावसाने तट खचले. गावाची वस्ती ती पांढरी आणि शेती ती काळी, हे जुने बोलणे. गढीची पांढरी माती खत म्हणून गाड्या भरभरून काळीत गेली. दगड घरांच्या जोत्यांना लागले. खंदकाचा उकिरडा झाला, मग सपाट जागा, मग प्लॉट. जिथे अजून प्लॉट पडलेले नाहीत, तिथे मापे आणि छायाचित्रे घेण्याचे काम आपल्या पिढीतच व्हायला हवे.

आणि शोधणे फारसे कठीण नाही. बुजलेल्या खंदकात गाळ खोल असतो, ओल टिकते. दिवाळीनंतर माळ वाळू लागला की गढीच्या उंचवट्याभोवती हिरव्या गवताचा एक पट्टा मागे राहतो.