रोव्हर्स चषकाची एकशे दहा वर्षे

ज्या मुंबई बंदरातून आपले पूर्वज मॉरिशसच्या गलबतांत बसले, त्या बंदरापासून फार दूर नसलेले कूपरेज नावाचे एक मैदान आहे. इंग्रजीत लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिरास ‘कूपर’ म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात या कारागिरांचे काम तेथे चाले, म्हणून त्या जागेस हे नाव पडले. पुढे पिंपांचा धंदा लोपला आणि ते मैदान फुटबॉलचे झाले. रोव्हर्स चषकाची स्पर्धा दीर्घकाळ तेथेच भरत असे. आपल्या घराण्यांतील कोणी ती पाहिली असण्याचा संभव थोडाच, कारण १८९१ साली तिचा आरंभ झाला तेव्हा आपले पणजोबा या बेटावरील ऊसमळ्यांत राबत होते. तरीही तिची कथा आपणांस परकी वाटू नये.

सिमल्यास १८८८ साली ड्यूरँड चषक सुरू झाला. त्यानंतर तीन वर्षांनी मुंबईत रोव्हर्स चषक आला. पहिले विजेतेपद वूस्टरशर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने मिळविले, आणि पुढे साडेचार दशके हा मान गोऱ्यांच्या संघांकडेच, मुख्यतः त्यांच्या पलटणींकडे, राहिला. १८९१ ते १९३६ या काळातील विजेत्यांच्या यादीत एकाही भारतीय संघाचे नाव आढळत नाही. खेळ साहेबाचा, चषक साहेबाचा आणि टाळ्याही साहेबाच्या, अशी ती व्यवस्था होती.

तिला पहिला धक्का मुंबईत नव्हे, कलकत्त्यात बसला. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या अकरा जणांपैकी दहा अनवाणी खेळले होते. १९२३ साली हाच संघ रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यास ४-१ असे हरविले. पराभव मोठा होता. तथापि मुंबईच्या अंतिम सामन्यात भारतीय संघ उभा राहू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढील चौदा वर्षांनी, १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स हा संघ रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला, व १९३८ साली त्याने तो पुन्हा जिंकला. १९४० साली हा मान कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने मिळविला. संघांची नावे जमातींवरून ठेवण्याची चाल आपल्या बेटासही ठाऊक आहे. परंतु जो चषक सर्वांना बंद असल्यासारखा होता, तो एका संघाने उघडला की त्यामागून सर्वांना वाट मिळते, हेच येथे दिसते.

स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत तेजस्वी अध्याय हैदराबाद सिटी पोलीस संघाचा होय. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे त्याने हा चषक आपल्याकडे राखला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते, हे सांगताना प्रस्तुत लेखकास विशेष आनंद होतो. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले, व १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

मुंबईकरांनीही आपला वाटा उचलला. १९५८ साली कॅल्टेक्स आणि १९६५ साली मफतलाल मिल या संघांनी चषक शहरातच ठेवला. ही कंपन्यांची व गिरण्यांची पथके होती. उत्तम खेळाडूस तेथे नोकरीचा आधार मिळे. १९७८ साली गोव्याच्या धेंपो संघाने विजय मिळविला. पलटणींसाठी निघालेला चषक अशा रीतीने पोलिसांचा, गिरण्यांचा आणि गोव्याच्या लाल मातीवर वाढलेल्या खेळाडूंचा झाला.

आणि मग तो थांबला. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, मोठ्या संघांचे वेळापत्रक भरून गेले, खर्चाचा भार उचलणारे उरले नाहीत. २०००-०१ च्या मोसमात मोहन बागानने तो जिंकला, आणि त्यानंतर एकशे दहा वर्षांची ही परंपरा खंडित झाली. ड्यूरँड चषकावरही संकटे आली. पण त्याच्या पाठीशी भारतीय सैन्य उभे राहिले, आणि २०१९ साली तो कलकत्त्यास नेऊन नव्याने उभा करण्यात आला. दोन्ही चषक जवळजवळ एकाच वयाचे. एकास वाली मिळाला, दुसऱ्यास मिळाला नाही.

यांतून आपण काय घ्यावे? वर्षानुवर्षे चालत आलेली गोष्ट स्वतःच्या बळावर चालत असल्याचा भास होतो, पण तसे नसते. दरवर्षी कोणीतरी मैदान आखावे लागते, वर्गणी गोळा करावी लागते, पाहुण्या संघांची उतरण्याची सोय पाहावी लागते. रोव्हर्स चषक भारतीयांच्या हाती येण्यास सेहेचाळीस वर्षे लागली. तो हातून सुटण्यास काही मोसमांची उपेक्षा पुरली. जे वडिलांनी कष्टाने मिळविले, ते राखणे हेही कष्टाचेच काम आहे, एवढे आपण ध्यानी धरावे.